टाइल्सवर सुकलेलं सिमेंट आणि ग्राउट कसं काढायचं, आणि अ‍ॅसिडची बाटली शेवटी का उघडायची

नवीन फ्लॅटचं पझेशन असो की जुन्या बाथरूमचं रिनोव्हेशन, मिस्त्री काम संपवून गेला की टाइल्सवर एक पांढुरका थर राहतोच. कोपऱ्यात मालाच्या गुठळ्या, नळावर सिमेंटचे शिंतोडे, कमोडच्या बुडाशी व्हाइट सिमेंटचं ओबडधोबड कडं, आणि मग बघायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो की अ‍ॅसिड मारून घ्या, दहा मिनिटांत चकाचक. चकाचक होतं हे खरं आहे, पण टाइलवर सांडलेलं सिमेंट आणि दोन टाइल्सच्या जॉइंटमध्ये भरलेलं ग्राउट हे बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं, त्यामुळे अ‍ॅसिड वरचा थर खातं तसंच जॉइंटही खातं. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, काही महिन्यांनी जॉइंटवर बोट फिरवलं की वाळू हाताला लागते, रंग उडतो, काळं धरायला लागतं, आणि रोजच्या अंघोळीचं पाणी त्या भुसभुशीत जॉइंटमधून खालच्या ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या भरावात, जास्त जास्त मुरायला लागतं. वॉटरप्रूफिंग भक्कम असेल तर निभावतं, कच्चं असेल तर खालच्या मजल्याच्या सिलिंगवर डाग दिसतो आणि मग सोसायटीत भांडणं सुरू होतात.

म्हणून हा लेख थोडा लांब आहे आणि अ‍ॅसिड यात बरंच नंतर येतं. नव्वद टक्के काम ओलं करून आणि खरवडून होतं असं माझं मत आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

आधी बघा चिकटलंय काय

सगळं पांढरं म्हणजे सिमेंट नाही, आणि इथेच बहुतेकांचा वेळ आणि पैसा वाया जातो. जे चिकटलंय ते सात-आठ गोष्टींपैकी एक असतं.

साधा माल, म्हणजे वाळू-सिमेंट, तो करडा आणि खरखरीत असतो, नखाने किंवा किल्लीने खरवडला की वाळूचे कण सुटतात. टाइल अ‍ॅडहेसिव्ह त्याच्यासारखंच दिसतं पण जास्त गुळगुळीत आणि चिवट असतं, कारण त्यात पॉलिमर मिसळलेलं असतं, आणि त्यावर अ‍ॅसिडचा परिणामही कमी होतो. सिमेंटचं ग्राउट किंवा रंग घातलेलं व्हाइट सिमेंट पातळ पावडरसारखं पसरलेलं असतं, ओलं केलं की गायब झाल्यासारखं वाटतं आणि सुकलं की परत दिसतं.

इपॉक्सी ग्राउट पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते रेझिन, हार्डनर आणि फिलर असं मिसळून भरतात, त्याचा थर प्लॅस्टिकसारखा लागतो, तिरप्या उजेडात चिकट चकाकी किंवा पुसण्याचे गोल गोल पट्टे दिसतात, आणि अ‍ॅसिडने त्याला काही म्हणजे काही होत नाही. कुठलं ग्राउट भरलंय हे मिस्त्रीला विचारा, रिकामी पाकिटं किंवा डबे साइटवर पडलेले असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. विचारायला कोणी नसेल तर टाइलवरच्या थरावर एक थेंब टॉयलेट क्लिनर टाका, बुडबुडे आले तर सिमेंट, काहीच झालं नाही आणि थर प्लॅस्टिकसारखा असेल तर इपॉक्सी. पण ही टेस्ट पुढचा 'मग बघा खाली काय आहे' हा भाग वाचून मगच, फरशी दगडाची नाही याची खात्री झाल्यावर करा.

सिलिकॉन रबरासारखं असतं, ते कटरने कापूनच निघतं. पीओपीचे थेंब पाण्याने मऊ होतात. आणि एक लोणा असतो, तो टाइलवर बाहेरून सांडलेला नसतो, खालच्या ओलीतून वर येतो, जॉइंटच्या कडेने पांढरी भुकटी धरते, पुसली की जाते आणि पाच-सहा दिवसांनी परत येते. तुमचं असं परत परत येत असेल तर ते साफसफाईचं काम नाहीच, खाली ओल कुठून येते ते शोधायला लागेल. बोअरचं पाणी असेल तर क्षाराचा थरही असाच पांढरा दिसतो, पण तो नळाखाली आणि शॉवरचं पाणी पडतं तिथेच जास्त असतो, त्यावरून ओळखता येतो.

मग बघा खाली काय आहे

हा भाग कृपया गाळू नका. आपल्याकडे घरांमध्ये जे दगड वापरतात त्यातले बरेचसे चुनखडीचे आहेत. राजस्थानातून येणारा कोटा, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी, आंध्रातला काळा कडप्पा, हे सगळे चुनखडीचे दगड, आणि मार्बल हीसुद्धा मुळात रूपांतरित चुनखडीच. यांच्यावर अ‍ॅसिड पडलं तर ते दगडच खातं, पॉलिश जातं, कडप्प्यावर राखाडी-पांढरा डाग पडतो आणि तो डाग कुठल्याही क्लिनरने निघत नाही कारण तिथे काही चिकटलेलं नसतं, दगडाचा पृष्ठभागच गेलेला असतो. लिंबू, व्हिनेगर हे सुद्धा यात आलं. जुन्या घरांत आणि चाळीत मोझॅकच्या लाद्या असतात, त्यात सिमेंट आणि मार्बलची खडी, म्हणजे अ‍ॅसिडला दोन्ही खायला मिळतं. बाथरूममध्ये टाइल्स सिरॅमिक असल्या तरी उंबरा, खिडकीची पट्टी, साबण ठेवायची फळी ही हमखास कडप्पा, मार्बल किंवा ग्रॅनाइटची असते, तिकडे लक्ष जात नाही.

ग्रॅनाइट त्या मानाने दमदार आहे, तरी तीव्र अ‍ॅसिडने काही ग्रॅनाइटमधलं लोह सुटून पिवळट-तपकिरी डाग येतात, त्यामुळे तिथेही जपून.

भिंतीच्या ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल्स आणि ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल्स अ‍ॅसिडला बऱ्यापैकी सोसतात, त्यांना जास्त धोका ओरखड्यांचा असतो, विशेषतः गडद रंगाच्या आणि आरशासारख्या चकचकीत टाइल्सना. बाथरूमच्या जमिनीला ज्या अँटी-स्किड मॅट टाइल्स असतात त्यांच्या खरखरीत पृष्ठभागात ग्राउट बारीक बारीक खड्ड्यांत बसतं, तिथे सगळ्यात जास्त मेहनत आहे.

दगड ओळखता येत नसेल तर दाराआड किंवा कमोडच्या मागे, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटांनी पुसा. चमक गेली किंवा बारीक फेस आला तर तो चुनखडीचा, तिथे अ‍ॅसिड वर्ज्य. टाइल्स असल्या तरी जे काही वापरणार ते आधी अशाच लपलेल्या कोपऱ्यात करून, सुकवून, दिवसाच्या उजेडात बघा.

काय सामान लागेल

फार काही नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं क्रेडिट कार्ड, लाकडाची तासलेली काडी किंवा आइसक्रीमची काठी, पेंटरकडे असतो तसा पातळ पत्रा, ग्लास घासायच्या ब्लेडचा स्क्रेपर, नायलॉनचा ब्रश, काथ्या, पांढरी घासणी, दोन बादल्या, भरपूर सुती फडकी, रबरी हातमोजे, चष्मा. हिरवी घासणी खरखरीत टाइल्सवर चालते पण चकचकीत टाइल आणि काचेवर नको, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे घासणारे कण असतात. तारेचा घासा तर अजिबात नको, त्याचे बारीक तुकडे जॉइंटमध्ये अडकून गंजतात आणि नवीनच डाग तयार होतो. पॉलिश पेपर ग्लेझ्ड टाइलवर लावायचा नाही, कितीही बारीक नंबरचा असला तरी.

जाड गुठळ्या आधी, हाताने

सगळ्यात आधी केर काढा आणि शक्य असेल तर व्हॅक्युम करा, कारण टाइलवर वाळूचा एक कण राहिला आणि तुम्ही त्यावर फडकं घासलं की ओरखडा उठलाच. मग जिथे गुठळ्या आहेत तिथे ओलं जाड फडकं किंवा गोणपाटाचा तुकडा ठेवा, वरून प्लॅस्टिक टाका, आणि एक-दोन तास सोडा. सिमेंट पाण्यात विरघळत नाही हे बरोबर, पण ओलं झाल्यावर टाइलला धरलेली पकड जरा सैल होते आणि खरवडताना धूळ उडत नाही. ही धूळ साधी नाही, तिच्यात सिलिका असते, फुप्फुसाला कायमची इजा करते, म्हणून कोरडं खरवडणं आणि कोरडं ग्राइंडर मारणं टाळाच.

आता गुठळीच्या कडेला पत्रा जवळजवळ सपाट धरून, म्हणजे टाइलशी अगदी कमी कोन करून, कडेकडेने आत सरकवा. वरून ठोकायचं नाही. पत्रा उभा धरून मारला की ग्लेझचा टवका उडतो, आणि टवका उडालेली टाइल बदलण्याशिवाय इलाज नाही. चकचकीत टाइलवर गुठळी मूळातून न सुटता तिचा वरचा भाग उडाला तर चांगलंच, उरलेला पातळ पापुद्रा परत ओला करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. फार मोठी ढेकळं असतील, म्हणजे सेंटीमीटरभर जाड, तर छोटी छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन छिन्नी टाइलला समांतर धरून ढेकळाच्या अंगावर बाजूने हळू टिचक्या मारा, टाइलच्या दिशेने नाही.

लोखंडी पत्र्याने टाइलवर किंवा कमोडवर करड्या रेघा उमटतात आणि लोक घाबरतात की ओरखडा पडला. बहुतेक वेळा तो ओरखडा नसतो, पत्र्याचा धातू घासला जाऊन ग्लेझवर बसलेला असतो, नख फिरवून बघा, नख अडकत नसेल तर ती रेघ नंतर सौम्य क्लिनरने निघून जाते.

माल किती दिवसांचा आहे यावर मेहनत ठरते. सिमेंट पहिल्या आठवड्यातच आपली बरीचशी ताकद धरतं, आणि बांधकामात ज्याला पूर्ण ताकद धरतात ती २८ दिवसांची. म्हणजे काल पडलेला शिंतोडा आणि महिन्यापूर्वी पडलेला शिंतोडा यात खूप फरक आहे, बाथरूमचं काम चालू असताना रोज संध्याकाळी एक चक्कर मारून ओल्या फडक्याने पुसलं तर शेवटचं काम निम्म्यावर येतं. ताज्या मालावर, पहिल्या काही तासांत, साखरेचं पाणीही कामाला येतं, साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते, त्यामुळे संध्याकाळी उशिरा लक्षात आलं आणि लगेच साफ करणं शक्य नसेल तर साखरेच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर टाकून ठेवा. फक्त ते जॉइंटवर जाऊ देऊ नका, ग्राउटही कच्चं राहील.

पांढरा थर: पाणी, घासणी आणि धीर

गुठळ्या गेल्या की उरतो तो धूसर थर. जॉइंट भरून पहिला दिवस उलटला असेल तर आधी कोरड्या सुती फडक्याने किंवा गोणपाटाने जोर लावून घासून बघा, बऱ्याचदा अर्धा थर असाच भुकटी होऊन निघतो. मग कोमट पाणी, त्यात थोडं भांड्यांचं लिक्विड, आणि पांढरी घासणी किंवा काथ्या. एका वेळी फक्त दोन-चार टाइल्स घ्या, घासा, लगेच स्वच्छ पाण्याने फडकं पिळून पुसा, आणि मग कोरड्या फडक्याने कोरडं करा. बादलीतलं पाणी पांढरं झालं की फेकून नवीन घ्या. लोक इथे हमखास कंटाळा करतात, त्याच गढूळ पाण्याने सगळं बाथरूम पुसतात, आणि सुकल्यावर थर जसाच्या तसा दिसतो कारण तेच ग्राउट परत सगळीकडे पसरवलेलं असतं.

अँटी-स्किड टाइल्सवर फडकं काही कामाचं नाही, तिथे ब्रशच लागतो, आणि ब्रश एका दिशेने न मारता गोल फिरवायचा. पाणी पाच-सात मिनिटं टाइलवर राहू द्या आणि मग घासा.

हे सगळं दोनदा करा. घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. पुष्कळ घरांत काम इथेच संपतं.

सौम्य अ‍ॅसिड कसं वापरायचं

तरीही थर राहिला, टाइल्स सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड आहेत, ग्राउट सिमेंटचं आहे, आणि ग्राउट भरून किमान आठ-दहा दिवस झालेत, तर सौम्य अ‍ॅसिडकडे वळा. ग्राउटच्या पाकिटावर जास्त दिवस सांगितले असतील तर तेवढे थांबा. कच्च्या ग्राउटवर अ‍ॅसिड म्हणजे जॉइंटची वाटच.

घरात करण्यासारखं म्हणजे लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं, साधारण ५० ते १०० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात. त्याहून जोरदार आणि माझ्या मते या कामासाठी सगळ्यात योग्य म्हणजे सल्फॅमिक अ‍ॅसिड, ते पांढऱ्या खड्यांच्या रूपात केमिकलच्या दुकानात मिळतं, प्रमाण तेवढंच ठेवा, त्याच्या वाफा मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडसारख्या उठत नाहीत त्यामुळे नळ आणि माणूस दोघांनाही कमी त्रास. तयार टाइल क्लिनरही मिळतात, त्यावर सिमेंट आणि ग्राउटचे डाग काढण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या आणि बाटलीवर सांगितलंय तेवढंच पाणी घाला. व्हिनेगर चालतं पण त्यात अ‍ॅसिड चार-पाच टक्केच असतं, अगदी हलक्या थराला ठीक.

करायची पद्धत अशी. नळ, शॉवर, जाळी, दाराची कडी हे सगळं प्लॅस्टिकने झाकून टेप लावा. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. मग आधी साध्या पाण्याने टाइल्स आणि खास करून जॉइंट चांगले ओले करा, जॉइंट पाण्याने भरलेले असले की ते अ‍ॅसिड शोषून घेत नाहीत, ही एक गोष्ट केली तरी जॉइंट पुष्कळ वाचतात, आणि अ‍ॅसिड मारणारे नेमकी हीच करत नाहीत. नंतर अर्धा-एक चौरस मीटरचाच तुकडा घ्या, स्पंजने द्रावण लावा, ओतू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, सुकू देऊ नका, पांढऱ्या घासणीने घासा, लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुढचा तुकडा. भिंत करत असाल तर खालून वर लावत जा, वरून लावलं तर खाली ओघळ येतात आणि कोरड्या टाइलवर त्या ओघळांच्या रेघा उमटतात.

सगळं झालं की अर्ध्या बादली पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून त्याने एकदा पुसा, जॉइंटमध्ये राहिलेलं अ‍ॅसिड मरतं, आणि परत साध्या पाण्याने धुवा. मग पूर्ण सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. ओल्या टाइलवर निकाल कळत नाही.

टॉयलेट क्लिनर वापरला तर चालेल का हे सगळे विचारतात. आपल्याकडच्या बऱ्याच टॉयलेट क्लिनरमध्ये साधारण १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे काम करतं, पण ते जॉइंटला, नळाला आणि स्टीलच्या जाळीला तितकंच खातं, शिवाय त्याचा निळा रंग पांढऱ्या जॉइंटमध्ये उतरू शकतो. कमोडच्या आतल्या सिमेंटसाठी वापरा, टाइल्सवर वापरायचंच असेल तर पाणी घालून, एखाद्या हट्टी डागापुरतं.

दुकानातलं मोकळं अ‍ॅसिड

हार्डवेअरच्या दुकानात जे म्युरिअ‍ॅटिक किंवा मिठाचं अ‍ॅसिड म्हणून मिळतं ते बहुधा ३० टक्क्यांच्या घरातलं असतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅसिडच्या मोकळ्या विक्रीवर बंधनं घातली, विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि कारण रजिस्टरमध्ये नोंदवावं लागतं, ते अ‍ॅसिड हल्ल्यांमुळे. त्यामुळे कोणी बिनलेबलच्या पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड आणून दिलं तर घेऊ नका, घरात लहान मुलं असतील तर तशी बाटली म्हणजे जिवाशी खेळ आहे.

माझा स्पष्ट सल्ला, घरच्या बाथरूममध्ये हे वापरू नका. त्याच्या वाफेनेच क्रोमचे नळ काळवंडतात, आरशाच्या कडा काळ्या पडतात, स्टीलच्या जाळ्या गंजतात, अ‍ॅसिड त्यांना स्पर्श सुद्धा न करता. कॉन्ट्रॅक्टर वापरणारच म्हणत असेल तर निदान उभं राहून बघा की एक भाग अ‍ॅसिडला दहा भाग पाणी आहे, बादलीत आधी पाणी आणि मग त्यात अ‍ॅसिड असा क्रम आहे (उलटं केलं तर उसळून तोंडावर उडतं), जॉइंट आधी ओले केलेत, आणि काम करणाऱ्या माणसाच्या हातात मोजे आणि डोळ्यावर चष्मा आहे. साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कने या वाफा अडत नाहीत. हे काम घरच्या मावशींना उघड्या हाताने करायला लावणारी घरं मी बघितली आहेत, ते अजिबात करू नका, तुम्ही स्वतः जे मोजे-चष्म्याशिवाय करणार नाही ते त्यांच्याकडूनही करून घ्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलंही अ‍ॅसिड, मग ते लिंबूसत्व असो की टॉयलेट क्लिनर, ब्लीचमध्ये किंवा ब्लीच असलेल्या क्लिनरमध्ये मिसळायचं नाही, एकामागून एक न धुता वापरायचंही नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमसारख्या छोट्या बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. डोळ्यात काही उडालं तर वाहत्या पाण्याखाली सलग १५ ते २० मिनिटं डोळा उघडा ठेवून धुवा आणि डॉक्टरकडे जा. कातडीवर उडालं तर पाणीच, सोडा चोळत बसू नका.

इपॉक्सी ग्राउटचा थर

इथे अ‍ॅसिड, लिंबू, व्हिनेगर सगळं व्यर्थ, त्याने फक्त नळ खराब होतील. इपॉक्सीला वेळच सगळं आहे. भरल्यानंतर तासाभराच्या आत कोमट साबणाचं पाणी आणि पांढरी घासणी यांनी निघतं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त घासून निघतं, आठवडा उलटला की ते पक्कं झालेलं असतं. म्हणून इपॉक्सी भरलं त्याच संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा मारा, थर तिथेच दिसेल, आणि मिस्त्रीला तेव्हाच परत पुसायला लावा.

पक्कं झालं असेल तर ज्या कंपनीचं ग्राउट आहे त्याच कंपनीचं इपॉक्सी काढायचं क्लिनर मिळतं का बघा. लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबायचं, थर मऊ झाला की नायलॉनच्या घासणीने काढायचा आणि जॉइंटवर ते जास्त वेळ राहू द्यायचं नाही कारण जॉइंटही त्याच मालाचा आहे. जाड थेंब किंवा कडा असतील तर हेअर ड्रायरने गरम करा, उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. हीट गन असेल तर कमी सेटिंगवर आणि सतत हलवत, एका जागी धरली तर टाइल तडकते.

पेंट रिमूव्हर वापरा असं कोणी सांगेल. त्यातल्या अनेकांमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बाथरूमच्या तळाशी साचते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना अशा केमिकलने १३ कामगारांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. बंद बाथरूममध्ये हे आणूच नका.

नळ, काच, कमोड, नहाणी ट्रॅप

क्रोमच्या नळावरचं सिमेंट ओल्या फडक्याने अर्धा-एक तास गुंडाळून ठेवा आणि मग लाकडी काडीने किंवा नखाने काढा. फारच हट्टी असेल तर लिंबूसत्वाचं हलकं पाणी दोन-तीन मिनिटं लावून लगेच धुवा. मॅट काळ्या, सोनेरी किंवा रोझ गोल्ड नळांवर तेही नको, फक्त पाणी आणि साबण.

काचेवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीवर ओलं सिमेंट पडलं तर त्याच दिवशी काढा. सिमेंटमधली अल्कली दोन्हींना खाते, वाट बघितली तर सिमेंट निघतं पण खाली कायमचा पुसट डाग राहतो. काच साबणाच्या पाण्याने ओली करून नवं कोरं ब्लेड कमी कोनात धरून एकाच दिशेने सरकवा, मागे-पुढे नाही. शॉवर पार्टिशनची टफन्ड काच असेल तर आधी कोपऱ्यात बघा, काही टफन्ड काचांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात आणि ब्लेडने तेच घासले जाऊन लांब ओरखडे उठतात. कोटिंग असलेल्या काचेवर ब्लेड नाही.

कमोड आणि बेसिन चिनी मातीचे, ग्लेझ पक्कं असतं, टाइलसारखीच पद्धत. अ‍ॅक्रिलिकचा टब असेल तर ब्लेड, थिनर, घासणीची पावडर काही नको, ओलं फडकं आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढंच.

नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमचं पाणी जातं ती जाळीखालची खोलगट जागा, मात्र आवर्जून उघडून बघा. कामाच्या वेळी सगळी स्लरी, म्हणजे सिमेंटचं गढूळ पाणी, तिथेच जाते, खाली बसते आणि दगड होते, मग पाणी तुंबायला लागतं आणि कारण कोणालाच कळत नाही. थर पातळ असेल तर पाणी उपसून, ओलं ठेवून, लाकडी दांडक्याने आणि हाताने तुकडे काढा आणि तुकडे वर घ्या, पुढे ढकलू नका. जाड असेल तर प्लंबरच. वरून अ‍ॅसिड ओतून ते सुटत नाही, वरवरचं विरघळतं आणि सुटलेले खडे पाइपात पुढे जाऊन अडकतात. बंगल्यात किंवा गावाकडे सेप्टिक टँक असेल तर भरपूर अ‍ॅसिड सोडल्याने त्यातले जिवाणूही मरतात.

कोटा, शहाबाद, कडप्पा, मार्बल, मोझॅक

इथे फक्त पाणी, वेळ आणि हात. ओलं फडकं आणि प्लॅस्टिक टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, परत तेच. पातळ थरासाठी घट्ट साखरेच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवून बघा, थोडा मऊ होतो, जाड गुठळीवर विशेष फरक पडत नाही. फरशी अजून पॉलिश व्हायची असेल तर जास्त चिंता करू नका, पॉलिशवाला मशीन लावेल तेव्हा वरचं सिमेंट निघूनच जातं, त्याला फक्त मोठी ढेकळं आधी काढून द्या. कडप्प्यावर आधीच अ‍ॅसिडचा डाग पडला असेल तर तेल चोळून तो काही दिवस झाकला जातो, पण खरा उपाय पुन्हा पॉलिश हाच.

ग्राउटिंगच्या दिवशी मिस्त्रीला काय सांगायचं

काम अजून व्हायचं असेल तर हे वाचून ठेवा. जॉइंट भरले की १५ ते ३० मिनिटांत, म्हणजे ग्राउट जॉइंटमध्ये बसलं पण टाइलवर कडक झालं नाही तेव्हा, घट्ट पिळलेल्या स्पंजने जॉइंटला तिरकं पुसायचं, जॉइंटच्या रेषेत पुसलं की भरलेलं ग्राउट बाहेर ओढलं जातं. स्पंजची एक बाजू एकदाच. दोन-तीन तासांनी कोरड्या फडक्याने सगळा पांढरा थर पुसायचा. एका वेळी सगळं बाथरूम भरून मग पुसायला लागतात तिथेच घोळ होतो, एक भिंत भरा, पुसा, मग दुसरी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात गोणपाट आणि प्लॅस्टिक, नळ आणि कडप्प्याच्या पट्ट्या झाकलेल्या. पेमेंटचा शेवटचा हप्ता साफसफाई झाल्यावर असं आधीच बोलून ठेवलं की हे सगळं बिनबोभाट होतं, आणि त्यात अ‍ॅसिड वॉश चालणार नाही हेही तेव्हाच सांगून टाका.

तरीही जात नसेल तर

दोन-तीन वेळा नीट करूनही टाइल सुकल्यावर धूसरच दिसत असेल तर थांबा, जोर वाढवू नका. बोटाला पृष्ठभाग गुळगुळीत लागत नसेल, तर कदाचित थर उरलेला नाही, ग्लेझ किंवा दगड झिजलाय, आणि घासून तो जास्तच झिजेल. सिरॅमिक टाइल असेल तर ती एखाद-दुसरी बदलून घ्या, म्हणूनच काम संपताना प्रत्येक डिझाइनच्या चार-सहा टाइल्स माळ्यावर ठेवायला सांगतात. जॉइंट अ‍ॅसिडने भुसभुशीत झाले असतील तर त्यांच्यावर नुसतं नवं ग्राउट फासू नका, ते पापुद्र्यासारखं निघतं. जुनं ग्राउट जॉइंटच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून, धूळ काढून, मग नवं भरा आणि पहिले २४ तास ते बाथरूम कोणाला वापरू देऊ नका.